पुसलेल्या फायलीही जागा धरतात: गॅलॅक्सीचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आमच्या विभागातील संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली, आणि त्या कारणाने मी गॅलॅक्सीच्या, म्हणजे जनुकीय माहितीचे विश्लेषण ब्राउझरमधून फुकट करू देणाऱ्या संगणन-व्यवस्थेच्या, युरोपीय सर्व्हरवर काम करू लागलो. डिस्क वॉरंटीत होती. बेळगावातील ज्या दुकानातून यंत्र घेतले होते त्यांनी पाच आठवडे चालढकल करून अखेर नवी डिस्क दिली. परंतु जुन्या डिस्कमधील भाताच्या सतरा नमुन्यांच्या विश्लेषणाविषयी विचारले तेव्हा ‘डेटा वॉरंटीत येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. नियमाने ते बरोबर असेल. पण कोणत्या नमुन्यावर कोणते टूल, कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या सेटिंगने चालवले होते, याची संपूर्ण नोंदही त्याच डिस्कवर होती, आणि माझ्या वहीत ती अर्धीच उतरली होती. नव्या वर्कस्टेशनची कोटेशने दोन लाखांच्या आसपास होती. महाविद्यालयाकडे एवढी रक्कम मागण्याआधी फुकट मिळणारे वापरून पाहावे, असे मी ठरवले.

आमचे काम मोठे नाही. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना भाताच्या सुगंधाचे जनुक दाखवायचे असते. बेळगाव बासमतीच्या भागात शिकवणाऱ्याला याहून चांगला विषय सापडणार नाही, कारण वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी भाताची शेती आहे. आठव्या गुणसूत्रावरील बीएडीएच-२ या जनुकाच्या सातव्या एक्झॉनमध्ये (प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्यात) डीएनएची आठ अक्षरे गळाली की त्याचे विकर (एन्झाइम) पुरे तयार होत नाही, आणि मग २-असिटिल-१-पायरोलीन हे वासाचे द्रव्य दाण्यात साठते. बासमतीच्या ज्ञात सुगंधी वाणांत हीच तूट आढळते. तीन हजार भात जीनोम प्रकल्पाची माहिती २०१४ पासून सर्वांसाठी खुली आहे. त्यातील निवडक नमुने निप्पोनबारे या बिनवासाच्या वाणाच्या संदर्भ जीनोमशी (तुलनेसाठी धरलेल्या संपूर्ण डीएनए-क्रमाशी) जुळवून ती तूट प्रत्यक्ष पाहायची, एवढाच आमचा उपक्रम आहे.

पहिल्याच आठवड्यात ज्या गोष्टीने मला जिंकले ती सांगतो. नमुन्याचा क्रमांक दिला की कच्च्या रीड्सच्या (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) फायली सार्वजनिक साठ्यातून थेट सर्व्हरवर उतरतात. त्या माझ्या घरच्या इंटरनेटवरून जात नाहीत. पूर्वी एक नमुना उतरवण्यात रात्र जात असे आणि पहाटे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आता काम लावून लॅपटॉप मिटता येतो. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात वीज जाते, इन्व्हर्टर दोन तासांत संपतो, तरी हा सर्व्हर जेथे आहे त्या जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठातील यंत्रे काम करीत राहतात. सकाळी उठून पाहावे तो रांगेतल्या कामांच्या करड्या चौकटी, काम पुरे होऊन, हिरव्या झालेल्या असतात. शक्यतो सकाळी सहाच्या सुमारास काम लावावे, असाही माझा अनुभव आहे. त्या वेळी जर्मनीत मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि रांग लवकर सरकते.

आता मुख्य मुद्दा. नोंदणी केलेल्या वापरकर्त्याला २५० जीबी जागा मिळते. ती मला अपार वाटली होती. पण कच्च्या रीड्स, छाटलेल्या रीड्स आणि जुळवणीची फाइल असे एका भाताच्या नमुन्याचे मिळून पंधरा जीबी सहज होतात. सोळाव्या नमुन्यानंतर सर्व कामे थांबली: जागा संपली होती. गेले दोन महिने छाटलेल्या रीड्सच्या फायली मी नित्यनेमाने पुसत आलो होतो, त्यामुळे हिशेब जुळेना. शोध घेतल्यावर कळले की पुसलेला डेटासेट (गॅलॅक्सीत प्रत्येक फायलीला हेच नाव आहे) हिस्टरीतून, म्हणजे आपल्या कामांच्या यादीतून, दिसेनासा होतो, पण कायमचा काढून टाकेपर्यंत तो जागा धरूनच असतो आणि आपल्या कोट्यात मोजला जातो. नियम स्पष्ट लिहिलेला होता. मी तो वाचला नव्हता. दुसरे खाते उघडण्याचा विचार क्षणभर मनात आला, परंतु एका व्यक्तीला एकच खाते हा तेथील नियम आहे आणि तो न्याय्य आहे, कारण ही जागा आणि हे संगणन जगभरातील लोकांमध्ये वाटले जाते. शेवटी साठवणुकीच्या पानावर जाऊन पुसलेल्या फायली एकेक तपासून कायमच्या काढल्या, तेव्हा ऐंशीहून अधिक जीबी मोकळे झाले.

येथपर्यंतचा मजकूर मी नोव्हेंबरमध्ये लिहून ठेवला होता, आणि पुढे असे वाक्य होते की ही दुहेरी पुसण्याची रीत काटकसरी माणसाला जाचक आहे. ते वाक्य आता मी काढून टाकले आहे. जानेवारीत आमच्या एका विद्यार्थिनीने, प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी, जागा करण्यासाठी सहा नमुन्यांच्या जुळवणीच्या फायली पुसल्या. त्यांतील दोन तिला हव्या होत्या. ‘सर, सगळं गेलं,’ असे ती फोनवर म्हणाली तेव्हा मला जूनमधील दुकानाचा काउंटर आठवला. आम्ही हिस्टरीत पुसलेले डेटासेट दाखवण्याचा पर्याय निवडला, आणि सहाही फायली जागेवर होत्या; दोन परत घेतल्या. ज्या जागेसाठी मी चिडलो होतो त्याच जागेत तिचे सहा आठवड्यांचे काम शाबूत राहिले होते. स्वतःच्या वर्कस्टेशनवर, दोन लाख मोजूनही, हे झाले असतेच असे मला म्हणता येत नाही.

शिवाय त्या फायली खरोखर गेल्या असत्या, तरी जूनसारखी दशा झाली नसती. प्रत्येक डेटासेटसोबत तो कोणत्या टूलने, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या सेटिंगने तयार झाला याची नोंद राहते, आणि तिच्यावरून काम पुन्हा लावता येते. संपूर्ण हिस्टरीचा वर्कफ्लो, म्हणजे पायऱ्यांचा क्रम, काढून दुसऱ्या नमुन्यांवर चालवता येतो, इतकेच नव्हे तर अमेरिकेच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या सर्व्हरवरही नेता येतो. २००५ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात अँटन नेक्रुटेन्को आणि जेम्स टेलर यांनी हे काम आरंभले, तेव्हापासून जीवशास्त्राच्या अभ्यासकाला आज्ञावली न लिहिता विश्लेषण करता यावे आणि ते दुसऱ्याला जसेच्या तसे पुन्हा करून पाहता यावे, हा त्याचा हेतू राहिला आहे. २०२० मध्ये टेलर यांचे निधन झाले. जाळे थांबले नाही, कारण ते एका विद्यापीठाचे उरलेले नव्हते.

शिकवणाऱ्यांनी आणखी एक सोय अवश्य मागावी. युरोपीय सर्व्हरवर वर्गाच्या तारखा आधी कळवून अर्ज केला की विद्यार्थ्यांसाठी राखीव रांग विनामूल्य मिळते. आम्ही ती फेब्रुवारीत घेतली. एकोणीस मुलांनी एकाच वेळी काम लावले आणि कोणालाही तासन् तास थांबावे लागले नाही. प्रशिक्षणाचे पाठ मात्र इंग्रजीत आहेत, आणि मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले दोन दिवस जड जातात. मी त्यांच्यासाठी चार पानांचे मराठी टिपण केले आहे. त्याचे पहिले पान पुसणे आणि कायमचे काढणे यांतील फरकावरच आहे, आणि पुसलेल्या फायली किती जागा धरून आहेत ते दर आठवड्याला तपासायला मी सांगतो.

त्या वर्गात जुळवणीच्या चित्रात बासमतीच्या नमुन्यातील आठ अक्षरांची तूट एकाखाली एक असलेल्या रीड्समध्ये दिसली, तेव्हा येळ्ळूरच्या एका मुलाने आपल्या शेतातील बासमतीतही हीच आहे का, असे विचारले. त्यासाठी गॅलॅक्सी लागत नाही; पानाचा तुकडा आणि साधी पीसीआर (डीएनएचा हवा तो भाग वाढवून पाहण्याची चाचणी) पुरे. त्याच्या वडिलांनी यंदाच्या रोपांतून पाने द्यायचे कबूल केले आहे. वर्कस्टेशनची कोटेशने मी मागे घेतली आणि त्याऐवजी पीसीआरच्या रसायनांसाठी अठरा हजारांचा प्रस्ताव दिला आहे. माझ्या खात्यावर आज १७४ जीबी मोकळे आहेत.