भाड्याने दिलेली पिकअप रात्री परत घेतली, त्याचा अनुभव

वरूड तालुक्यात मृग बहाराच्या संत्र्याचा तोडा फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात असतो आणि त्या दिवसांत मालवाहू पिकअपला सोन्याचा भाव येतो. आमच्याकडे दोन पिकअप आहेत. एक माझे पती स्वतः चालवतात आणि दुसरी आम्ही ओळखीच्या व्यापाऱ्यांना व बागायतदारांना चालकाविना, दिवसाच्या भाड्याने देतो. नोंदवही, करारपत्र आणि अनामत रकमेचा हिशेब मी सांभाळते. 2025 च्या फेब्रुवारीत ही दुसरी गाडी परत घेताना माझी जी फसवणूक झाली, ती सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्या भागात असा व्यवसाय करणारी बरीच कुटुंबे आहेत आणि बहुतेकांची परत घेण्याची रीत माझ्यासारखीच तोंडी विश्वासाची आहे.

गाडी नेणारा गृहस्थ शेजारच्या तालुक्यातला संत्र्याचा व्यापारी होता. एका नातेवाइकाने त्याची ओळख करून दिली होती. माल नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा आहे, चार दिवस गाडी हवी, असे त्याने सांगितले. भाडे दिवसाला 2000 रुपये, रोजचे 150 किलोमीटर त्यातच धरलेले, त्यावरील प्रत्येक किलोमीटरला 8 रुपये, डिझेल व टोल त्याचा आणि अनामत 10,000 रुपये, असे ठरले. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून करारासाठी 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. तो आणून मी करार केला, त्याच्या परवान्याची व आधार कार्डाची प्रत घेतली. कागद नीट झाले म्हणून मी निश्चिंत होते. त्या कागदावर गाडीचा क्रमांक, मीटरचा आकडा, भाडे आणि दोघांच्या सह्या होत्या. टायरचे क्रमांक नव्हते, गाडी किती वाजेपर्यंत परत आणायची ते नव्हते आणि अनामत कधी व कशी परत द्यायची, याविषयी एक ओळसुद्धा नव्हती.

चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला गाडी अंगणात आली. वीज गेलेली होती आणि पती ओलितासाठी शेतात होते. मी मोबाइलच्या उजेडात मीटर पाहिले. जाताना 84,310 होते, आता 84,734 दिसत होते, म्हणजे 424 किलोमीटर. वरूडहून कळमन्याच्या दोन फेऱ्यांचा हिशेब जवळपास तेवढाच होतो, त्यामुळे शंका येण्याचे कारण नव्हते. डाल्यावर, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागावर, कुठे पोचा नव्हता, मागचा फाळका नीट लागत होता आणि ताडपत्री घडी करून ठेवलेली होती. मी म्हटले की सकाळी उजेडात पाहून घेऊ आणि मग अनामत देते. त्यावर तो हात जोडून म्हणाला, "ताई, मायले सकाळी नागपूरले दवाखान्यात न्या लागते जी. पैशाची लय गरज हाय, आताच देऊन टाका." आजारी आईचे नाव निघाल्यावर दहा हजार रुपये अडवून ठेवणे मला जमले नाही. मी रक्कम दिली आणि त्याच्याच आग्रहावरून नोंदवहीत "गाडी सुस्थितीत मिळाली" असे लिहून सही केली. त्या पानाचा त्याने लगेच फोटो काढून घेतला. तो फोटो कशासाठी काढला, हे मला पुढे समजले.

पाच दिवसांनी मागचे डावे चाक पंक्चर झाले. पंक्चरवाल्या दादांनी चाक खोलले आणि मला विचारले की हा टायर कधीचा आहे. मागचे दोन्ही टायर आणि स्टेपनी मी जून 2024 मध्ये नवीन घेतली होती. त्यांनी बाजूवरची माती ओल्या फडक्याने पुसून चार आकड्यांची एक लांबट चौकट दाखवली. प्रत्येक टायरवर अशी चौकट असते. त्यातले पहिले दोन आकडे वर्षातला कितवा आठवडा ते सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. उजव्या टायरवर 1424 होते, म्हणजे 2024 चा चौदावा आठवडा. डाव्यावर 3119 होते, म्हणजे 2019 च्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी बरीच शिल्लक दिसत होती, पण ती गरम पात्याने मागाहून कोरलेली होती आणि कोरलेल्या खाचेत नख घातले की आतले तंतू हाताला लागत होते. स्टेपनीचीही तीच गत होती. अशा टायरवर भरल्या गाडीने घाट चढणाऱ्याचे काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. रुपयांपेक्षा मला त्याचाच राग अधिक आहे.

त्या संध्याकाळी मी पुण्याच्या पुतण्याला फोन केला. आमचा फास्टॅग त्याच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेला होता. शिल्लक कमी झाली की तो भरत असे आणि आम्ही महिन्याअखेरीस त्याला पैसे देत असू. त्याने त्या चार दिवसांची नोंद पाठवली. बोरखेडी, दारोडा, केळापूर आणि पुढे तेलंगणातले नाके, जाताना आणि येताना, प्रत्येकाची तारीख व वेळ मिनिटापर्यंत. गाडी कळमन्याला नव्हे तर हैदराबादला जाऊन आली होती. आमच्या गावापासून ते जाणे-येणे किमान बाराशे किलोमीटरचे आहे. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मीटरखालचे झाकण काढून दाखवले, तेव्हा वायरच्या जोडाची चाप तुटलेली होती आणि ती काळ्या चिकटपट्टीने पुन्हा बसवलेली होती. बराचसा रस्ता मीटर बंद ठेवून कापला गेला होता. त्यानंतर आठवडाभराने वेगमर्यादा ओलांडल्याचे 2000 रुपयांचे चलान माझ्या पतीच्या नावाने आले, कारण ई-चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते. गाडी त्या वेळी कोण चालवत होते, याची माहिती विचारल्यास ती देण्याचे कर्तव्यही मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे मालकाचेच असते, आणि करारपत्र नसते तर आम्ही तेही सांगू शकलो नसतो.

टायरच्या किमतीतून आठ महिन्यांची झीज वजा करून 10,000, जादा किलोमीटरचे 4800, टोलचे 2180 आणि चलानाचे 2000, असा एकूण 18,980 रुपयांचा हिशेब मी त्याला पाठवला. उत्तरादाखल त्याने माझ्या नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते की गाडी तुम्ही पाहून घेतली, अनामत परत दिली, आता पाच दिवस गाडी कोणाकोणाकडे होती ते आम्हाला काय माहीत. कायद्याच्या दृष्टीने त्याच्या बोलण्यात वजन होते, हे मला मान्य करावे लागले.

आम्ही पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आणि तिची पोच घेतली. तेथे जे समजले ते सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे पूर्वीच्या 420 खाली, फसवणूक सिद्ध करायची असेल तर समोरच्याचा हेतू सुरुवातीपासूनच खोटा होता हे दाखवावे लागते. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार असेल तर कलम 316 येते. टायर बदलल्याचा आरोप करायचा तर गाडी देताना कोणते टायर होते, याचा पुरावा हवा. माझ्याकडे टायर खरेदीचे बिल होते, परंतु त्या बिलावर टायरचे क्रमांक नव्हते. फास्टॅगची नोंद मात्र निर्विवाद होती आणि पुढे जे काही मिळाले ते तिच्याच बळावर मिळाले.

एका वकील ताईंच्या सांगण्यावरून आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज केला. दावा न्यायालयात जाण्याआधीच दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड करण्याची ही सोय आहे आणि तिला न्यायालयीन शुल्क लागत नाही. पहिल्या तारखेला तो आला नाही. दुसऱ्या तारखेला आला आणि टोलनाक्यांची यादी समोर ठेवल्यावर हैदराबादची फेरी त्याने कबूल केली. टायरविषयी शेवटपर्यंत कबूल केले नाही. 9000 रुपयांवर तडजोड झाली आणि ती रक्कम दोन हप्त्यांत मिळाली. उरलेले आमचे गेले.

त्यानंतर मी गाडी देण्याची व घेण्याची रीत पूर्ण बदलली. गाडी देताना चारही टायर व स्टेपनी यांच्यावरचे चार आकडे आणि अनुक्रमांक, तसेच बॅटरीचा क्रमांक मी करारपत्रावर लिहिते आणि घेणाऱ्याकडून शेजारी सही घेते. मीटरच्या जोडावर लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढलेली आहे, ती तुटली की जोड उघडला गेला हे लगेच दिसते. डिझेलचा काटा मी आता मानत नाही, कारण गाडी उतारावर उभी असेल तर तो खोटे बोलतो. टाकी गावाजवळच्या एकाच पंपावर पूर्ण भरून द्यायची आणि तेथेच पूर्ण भरून परत घ्यायची. फोटो दिवसाउजेडी, घेणाऱ्यासमोर काढते आणि मूळ फोटो मोबाइलमध्ये तसेच ठेवते, कारण व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीत फोटो केव्हा काढला याची आतली नोंद राहत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा न्यायालयात देताना प्रमाणपत्रही जोडावे लागते. फास्टॅगचा संदेश आता माझ्याच मोबाइलवर येतो. गाडी चालकाविना भाड्याने जाते हे विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर मी फाईलला लावले आहे. ते आधी केलेले नव्हते आणि त्या चार दिवसांत अपघात झाला असता तर आम्ही कोठे उभे राहिलो असतो, हे सांगता येत नाही.

सर्वात मोठा बदल अनामतीचा आहे. गाडी सायंकाळी सहानंतर आली तर ती अंगणात उभी राहते, किल्ली मी घेते आणि "गाडी उभी केली, तपासणी बाकी" एवढेच दोघांच्या सहीने लिहिले जाते. तपासणी सकाळी, दोघांच्या समोर होते. त्यानंतर अनामतीतले 7000 रुपये लगेच परत दिले जातात आणि 3000 रुपये पंधरा दिवस चलानासाठी राहतात. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून मी सोळाव्या दिवशी पाहते आणि चलान नसेल तर त्याच दिवशी पैसे पाठवते. हे सगळे करारात लिहिलेले असते आणि गाडी देण्याआधी मी ते मोठ्याने वाचून दाखवते.

ग्राहकाचीही फसवणूक होते, हे येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. जुना ओरखडा नव्या ग्राहकाच्या माथी मारून अनामत कापणारे मालक आमच्याच भागात आहेत आणि एकाच पोच्याचे पैसे तीन जणांकडून घेतल्याचे मी ऐकले आहे. म्हणून करारपत्रावर मी गाडीचे साधे चित्र काढते आणि आधीचा प्रत्येक ओरखडा त्यावर फुलीने दाखवते. त्याची एक प्रत ग्राहकाकडे जाते. ज्या मालकाला ती प्रत द्यायची नसेल, त्याची गाडी कोणी घेऊ नये.

गेल्या तोड्याच्या वेळी मोर्शीकडचा एक तरुण बागायतदार रात्री नऊ वाजता गाडी घेऊन आला. मी रीत सांगितली. त्याला परत जायला वाहन नव्हते, तेव्हा तो आमच्याकडेच जेवला आणि पडवीत झोपला. सकाळी सातला आम्ही दोघे चित्र घेऊन गाडीभोवती फिरलो. डाव्या आरशाच्या पाठीला एक नवी चीर होती. ती माझ्या नजरेला आली नव्हती, त्यानेच बोट ठेवून दाखवली आणि म्हणाला, "काकू, हे माझ्याकडून झालं, आपल्या चित्रात नाही." आरशाचे चारशे रुपये ठरले, ते कापून बाकीची रक्कम मी त्याच्या हातावर ठेवली आणि दोघांनी त्या चिरेवर नवी फुली मारून सह्या केल्या.