वन परसेंट सांगून पाच परसेंटचे रेझिस्टर गळ्यात मारले

पुण्यात बुधवार पेठेत पार्ट घ्यायला जाणाऱ्यांनी जरा वाचा, पैसे फार गेले नाहीत पण पंधरा दिवस गेले आणि नातेवाईकांत इज्जत गेली ती वेगळी.

मावसभावाच्या पोल्ट्रीत खाद्याची पोती मोजायला काटा करून देत होतो, 100 किलोचा लोड सेल (वजनाचा सेन्सर), 10 व्होल्टवर फुल लोडला 20 मिलिव्होल्ट, त्याचे 2 व्होल्ट करायचे म्हणजे गेन 100 पाहिजे, सिग्नल शंभरपट मोठा. ओपी07 हा ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी आयसी) घेतला, दोन वायरांतला फरक मोठा करणारं डिफरन्शियल सर्किट, चार रेझिस्टर. सेलच्या आतला ब्रिज 350 ओहमचा म्हणून 1 के टाकले तर तो लोड होतो, म्हणून 10 के आणि 1 मेग. (तयार मॉड्यूल का नाही घेतलं विचारू नका, हौस.) या सर्किटला दोन्ही बाजूंचं गुणोत्तर जुळलंच पाहिजे, कारण सेलच्या दोन्ही सिग्नल वायरांवर आधीच 5 व्होल्ट बसलेले असतात आणि रेझिस्टर जुळले नाहीत की त्यातले थोडे आउटपुटला येतात. म्हणून लिहिलेल्या किमतीपासून एक टक्क्याच्या आत असणारे, वन परसेंटवाले हवे होते. दुकानदाराला दोनदा विचारलं, एमएफआर (मेटल फिल्म) ना? तो म्हणाला, "डोळे झाकून घ्या साहेब, वन परसेंट." निळी बॉडी, पाच पट्टे, तपकिरी काळा काळा लाल तपकिरी म्हणजे 10 के वन परसेंट, सगळं पुस्तकात असतं तसं. बिल अर्थात कच्चं.

चालू केलं तर रिकाम्या काट्यावर साधारण 18 किलो! खऱ्या वन परसेंटमध्ये नशीब कितीही वाईट असलं तरी 10 किलोच्या वर जात नाही, तिथेच डोकं चालायला हवं होतं, पण मी प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून शून्य केला आणि गप्प बसलो. मग सकाळी शून्य, दुपारी पत्र्याचं शेड तापलं की नुसत्या काट्यावर 400 ग्रॅम. दोन ओपी07 बदलले, वायर बदलली, मावसभाऊ रोज फोन करून "दादा, आज कोंबडीच न ठेवता वजन दाखवतंय" म्हणून हसायचा.

शेवटी रेझिस्टर काढून मीटर लावला. एक 10 के निघाला 9.63, दुसरा 10.38. मग पाकिटातला एक नवा मीटरला लावून सोल्डरिंग आयर्न नुसतं जवळ धरलं तर आकडा धडाधड खाली, 9.9 वरून 9.5. मेटल फिल्म इतका हलत नाही, हा सरळ सरळ सीएफआर, म्हणजे पाच परसेंटचा कार्बन फिल्म, वरून निळा रंग आणि खोटा पट्टा.

दुकानात गेलो तर म्हणे तुमचा मीटर खराब. मी म्हटलं तुमचा काढा, तर त्याच्या मीटरची बॅटरी नेमकी संपलेली.

तेव्हा जाताना मीटर न्या आणि दहा नग काउंटरवरच मोजा, नाही म्हणाला तर पुढचं दुकान. दुसरीकडून घेतले, त्यातून मोजून जुळणारे चार निवडले, आता दुपारी 50-60 ग्रॅमच्या आत असतं. जुन्या पाकिटातले ऐंशीएक उरलेत, पुल-अपला (डिजिटल पिन हाय ठेवायला) वापरतोय, तिथे नेमकी किंमत कोण विचारतंय.