आधी शिक्का, मग मिठी: २०० किलोमीटरच्या बीआरएमला घरच्यांसह

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलने पूर्ण करायची राईड. तिच्याबद्दल लिहिणारे सगळे सायकलवर बसलेले असतात. रस्ता कसा होता, चढ किती लागला, वारा कुठून आला, सगळं वाचायला मिळतं. जे गाडीतून गेले त्यांचा दिवस कसा गेला, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा रिव्ह्यू आमच्या बाजूने. बायको सायकलवर, गाडीत मी, दोन मुलं आणि सासरे. नोंदणीच्या मेसेजमध्ये आयोजकांनी "सहकुटुंब या" असं लिहिलं होतं, तेव्हा सहकुटुंब आल्यावर काय मिळालं ते सांगायला हरकत नसावी. सायकलवाल्यांसाठी आयोजन चोख. घरच्यांसाठी पाचपैकी तीन, आणि तेही स्वयंसेवकांच्या जिवावर.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडी सायकलच्या मागेमागे न्यायची नाही. हा नियम त्या आयोजकांचा नाही, बीआरएमचाच आहे. रस्त्यावर ज्याचं त्याने निभवायचं. पंक्चर निघालं तर स्वतः काढायचं, नाहीतर मागून येणाऱ्या दुसऱ्या सायकलवाल्याची मदत घ्यायची. घरच्यांची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या ठरलेल्या थांब्यांवर. वाटेत गाडी थांबवून साधी पाण्याची बाटली पुढे केली तरी चालवणारा बाद होऊ शकतो. सासऱ्यांना हे अजिबात झेपलं नाही. "पोरगी उन्हात एकटी आणि आपण एसी लावून बसायचं?" हे वाक्य त्यांनी दिवसभरात निरनिराळ्या चालींवर म्हटलं.

ग्रुप राईड म्हणतात, पण ग्रुप दिसतो तो सुटताना. सकाळी सहाला सगळे एकत्र: दिवे, हेल्मेट, चमकणारी जॅकेटं, बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायच्या क्लीटचा फरशीवर टकटक आवाज. धाकटा त्या आवाजावर इतका खूश की तिथेच टाचा आपटत फिरायला लागला. ब्रेवे कार्डं, म्हणजे कंट्रोलवर वेळ आणि शिक्का घ्यायची कार्डं, वाटली, दोन मिनिटं सूचना झाल्या आणि पाचेक मिनिटांत मैदान रिकामं. नंतर अख्खा दिवस तुम्हाला दिसतात ती दोघं-चौघं, मध्ये बराच वेळ कुणीच नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "रेस कुठे गेली?" या प्रश्नाचं उत्तर दिवसभर देत बसावं लागतं. रेस नाहीच ती. निकालात कोण कितवा हे लिहीत नाहीत. वेळेत पूर्ण केलं की नाव पॅरिसला ऑडॅक्स क्लब पॅरिसियनकडे, म्हणजे जगभरच्या बीआरएमची नोंद ठेवणाऱ्या क्लबकडे जातं आणि नोंदणीचा क्रमांक मिळतो. मोठीला हे आवडलं. धाकट्याला नाही. त्याला आई कितवी आली ते वर्गात सांगायचं होतं.

गाडीतल्या माणसाला खरं उपयोगाचं असतं ते वेळेचं गणित, आणि ते आम्हाला कुणी समजावून दिलं नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. कंट्रोल बंद होण्याची वेळ ताशी १५ च्या वेगाने काढतात आणि उघडण्याची ताशी ३४ च्या. म्हणजे सहाला सुटलेल्यांसाठी १०० किलोमीटरवरचा कंट्रोल ८ वाजून ५६ मिनिटांनी उघडतो आणि १२:४० ला बंद होतो. शेवटचा कंट्रोल बंद होतो संध्याकाळी साडेसातला. १०० किलोमीटरवरच्या त्या पावणेचार तासांच्या खिडकीत आपला माणूस नेमका कधी उगवेल हे त्याचा थांब्यांसकटचा वेग माहीत असेल तरच कळतं. बायको थांबे धरून ताशी १८-१९ ने जाते, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास. आम्ही पावणेअकराला पोचलो. तोवर मुलं नदीकाठी मनसोक्त दगड फेकून आली होती. सकाळपासूनच कंट्रोलवर तळ ठोकलेली कुटुंबंही पाहिली. त्यांची मुलं एव्हाना रडकुंडीला आली होती.

ती आली अकरा वीसला. धाकटा धावत सुटला आणि तिने त्याला हाताने थांबवलं. आधी शिक्का, मग मिठी. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवलं होतं, तरी घामाने कडा मऊ पडलेल्या. टेबलामागच्या स्वयंसेविकेने कार्ड दोन बोटांनी पसरवलं, घड्याळ पाहून वेळ लिहिली, शिक्का मारला आणि तो सुकेपर्यंत वर फुंकर घातली. मोठी हे डोळे विस्फारून बघत होती. त्या बाईंनी तिला विचारलं, "पुढचा तू मारतेस?" आणि पुढच्या तीन सायकलवाल्यांचे शिक्के माझ्या मुलीने मारले. वेळ अर्थातच बाईंनीच लिहिली. तीनपैकी दीड गुण याचे.

बायकोच्या उजव्या पोटरीवर चेनचे काळे दाते उमटलेले, तळहात बधिर. बाटल्या भरल्या, मिठाचं पाणी दिलं, सासऱ्यांनी तिचे खांदे चोळले आणि प्रथमच गप्प बसले. अठरा मिनिटांत ती गेली. एवढ्यासाठी आख्खी सकाळ. ज्यांना हा हिशेब तोट्याचा वाटतो त्यांनी येऊ नये, मनापासून सांगतो.

आता तक्रारी. कंट्रोलवर सावली टेबलापुरतीच होती. म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची आम्हीच गाडीतून काढली. स्वच्छतागृह कुठे आहे याचा फलक नाही. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे शेवटचा कंट्रोल ऐन वेळी थोडा पुढे हलवला, त्याचा मेसेज फक्त सायकलवाल्यांच्या ग्रुपवर गेला. बायको फोन खिशात ठेवून पेडल मारणार, आणि आम्ही जुन्या जागी रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे. एका स्वयंसेवकाने गाडी थांबवून सांगितलं म्हणून वेळेवर पोचलो. घरच्यांना बोलावता ना, मग घरातला एक नंबर नोंदणीतच घ्या.

दुपारनंतर तिला समोरचा वारा लागला, पण तिला चार जणांचा गट भेटला. आळीपाळीने पुढे राहायचं, बाकीच्यांनी मागे आडोशाला. पुढचा वारा कापतो तेव्हा मागच्याला बरीच कमी ताकद लागते. एकट्याने खेचत राहिलं असतं तर तासभर तरी जास्त लागला असता, असं तीच म्हणाली. पाच वाजून दहा मिनिटांनी पाचही जण सोबत आले. सकाळपासून "ग्रुप कुठंय" विचारणाऱ्या धाकट्याला तो अखेर दिसला, आणि त्याने पाचही जणांना पहिला नंबर देऊन टाकला.

जावं का? २०० ला जा. बहुतेक सगळं उजेडात आटोपतं, मुलं रात्री आपापल्या गादीवर झोपतात. गाडीत खुर्च्या, टोपी, बैठे खेळ ठेवा. मधला वेळ आपला आपण आखा आणि कंट्रोलला अर्धा तास आधी पोचा. ३०० ला वीस तास मिळतात, म्हणजे रात्र आलीच. तिथे फार तर मी एकटा जाईन. ४०० ला सत्तावीस तास. तेव्हा आम्ही घरी झोपणार आणि हे बायकोला आधीच सांगून ठेवलं आहे. सासऱ्यांना अजून सांगायचं आहे.