पंथाची मंडळी की स्वतंत्र मंडळी?

मेथडिस्ट, लूथरन, प्रेस्बिटेरियन असं ख्रिस्ती पंथाचं नाव लावणाऱ्या मंडळीत (चर्चमध्ये) जावं, की पाटीवर कुठल्याच पंथाचं नाव नसलेल्या स्वतंत्र मंडळीत? माझं लहानपण पहिल्या प्रकारच्या मंडळीत गेलं, मधली सहा वर्षं दुसऱ्या प्रकारच्या मंडळीत. आता मी पुन्हा पंथाच्या मंडळीत आहे, म्हणजे कल कुठे आहे ते उघड आहे. तरी स्वतंत्र मंडळीनं मला जे दिलं ते आधी सांगायला हवं.

तिथे दुसऱ्याच रविवारी मला नावानं हाक मारली. आई आजारी होती तेव्हा रात्री अकरा वाजता पाळक (पास्टर) आणि दोन कुटुंबं प्रार्थनेला आली. बायबलमधल्या रोमकरांस पत्रावर वर्षभर अध्यायामागून अध्याय उपदेश चालला. पवित्र शास्त्र असं सलग वाचायला मी तिथेच शिकलो. जी व्यक्ती विश्वासात नवी आहे, जिला उपासनाक्रमाचं पुस्तक परकं वाटतं, तिला आजही मी अशी मंडळी सुचवेन.

अडलं ते बाप्तिस्म्यावर. मुलगी झाली तेव्हा तिच्या बाप्तिस्म्याबद्दल विचारलं. उत्तर मिळालं, की इथे बाळाचं समर्पण होतं, बाप्तिस्मा ती मोठी झाल्यावर स्वतः घेईल. हे मत मला मान्य नसलं तरी त्याचा मान राखता येतो. पण त्याच बैठकीत कळलं, की तान्हेपणी झालेला माझा बाप्तिस्माही तिथे धरला जात नाही आणि मंडळीचा वडील (एल्डर) म्हणून सेवा करायची तर पाण्यात बुडून पुन्हा घ्यावा लागेल. सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेत होतो, शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या वर्गात) शिकवत होतो. हे आधी का सांगितलं नाही असं विचारलं, तर म्हणाले, "आमचा पंथ नाही, आम्ही फक्त शास्त्र मानतो."

ही भूमिका जुनी आहे आणि तिला नाव आहे. लंडनला जमलेल्या बाप्तिस्त मंडळ्यांनी १६८९ च्या आपल्या अंगीकारात (विश्वासाच्या लेखी निवेदनात) ती स्पष्ट लिहून ठेवली: बाप्तिस्मा विश्वास कबूल करणाऱ्याचाच, आणि तो बुडवूनच. १५३० चा ऑग्सबुर्गचा लूथरन अंगीकार उलट सांगतो, बाळांचा बाप्तिस्मा व्हावा. दोघांपैकी कुणाच्याही दारात मी गेलो असतो तर पहिल्या दिवशीच मला कुठे उभं राहायचं ते कळलं असतं. पंथाचं नाव माझ्यासाठी एवढंच काम करतं, पण ते काम मोठं आहे. नाव नसलं म्हणून मतं नसतात असं नाही; ती फक्त उशिरा समजतात, बहुतेक वेळा घरात जन्म, लग्न किंवा मृत्यू झाल्यावर.

नाव टाकून देण्याची इच्छा प्रामाणिक असते, यात मला शंका नाही. १८०४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत बार्टन स्टोन आणि सोबत्यांनी आपली प्रेस्बिटेरी (एका भागातल्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील यांची सभा) स्वतःहून विसर्जित केली आणि केवळ 'ख्रिस्ती' म्हणवून घ्यायचं ठरवलं. ज्या चळवळीत ते होते तिच्यातून पुढे डिसायपल्स ऑफ क्राइस्ट, चर्चेस ऑफ क्राइस्ट असे वेगवेगळे प्रवाह निघालेच.

पंथ माणसांना तोडतात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे धर्मसुधारणेचे दोन पुढारी पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एक झाले आणि प्रभुभोजनावर अडले. ती दरी पुढे शतकानुशतकं राहिली. पण मतभेद नेमका कुठे आहे ते लिहिलेलं होतं, म्हणून १९७३ च्या लॉइएनबर्ग करारात युरोपातल्या लूथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंग्लीच्या बाजूच्या परंपरेतल्या) मंडळ्या त्याच मुद्द्यावर बोलू शकल्या आणि प्रभुभोजनासाठी एकमेकांच्या मेजाशी येऊ लागल्या. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा बाप्तिस्त आणि अँग्लिकन एकत्र आले, आणि बाळाचा व प्रौढाचा असे दोन्ही बाप्तिस्मे एकाच छपराखाली ठेवले गेले. माझा प्रश्न तिथे सुटलेला पाहून मला फार धीर आला.

आता पंथाच्या मंडळीचे दोष. निर्णय रेंगाळतात. मालमत्तेचे खटले आणि पदांच्या निवडणुका यांत शक्ती जाते. नावाचा अभिमान असतो, पण आपला पंथ काय शिकवतो ते पुष्कळांना सांगता येत नाही. मीही तिशीपर्यंत सांगू शकलो नसतो. तुमच्या जवळच्या पंथाच्या मंडळीत हे सगळं टोकाला गेलं असेल, आणि एखादी स्वतंत्र मंडळी आपली मतं पहिल्याच भेटीत लेखी हातात देत असेल, तर तुमचा निर्णय माझ्यापेक्षा वेगळा होईल, आणि तो चुकीचा नसेल.

सभासद होण्याआधी दोन गोष्टी मात्र विचारून घ्या: माझा बाप्तिस्मा इथे मान्य आहे का, आणि पाळकांशी मतभेद झाला तर दाद कुणाकडे मागायची. आमच्याकडे दुसऱ्याचं उत्तर प्रेस्बिटेरी असं आहे. एकदा तिथे अर्ज करावा लागला होता आणि तो ऐकला गेला. मुलीचा बाप्तिस्मा ती दहा महिन्यांची असताना झाला. स्वतंत्र मंडळीतली ती दोन कुटुंबं त्या दिवशी आमच्या मागच्या बाकावर बसली होती.