फोन टॅपिंगची पुनर्विलोकन समिती : नियम चांगले, दार बंद

सरकार कुणाचा फोन ऐकतं, ते कायदेशीर आहे का, हे तपासायचं काम आपल्याकडे पुनर्विलोकन समितीचं. सेवा म्हणून पाहिलं तर पाचपैकी दोन गुण. दोन्ही गुण कागदावरच्या नियमांना.

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला, त्यातून ही समिती आली. त्यानंतर तार नियमांत 419अ हा नियम बसला आणि डिसेंबर 2024 पासून दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम लागू आहेत. सांगाडा मात्र जुनाच. टॅपिंगच्या आदेशावर सही केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांची. अगदीच अडलं तर सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याची. आदेश 60 दिवस चालतो, वाढवत नेला तरी एकूण 180 दिवसांच्या पुढे नाही. सात कामकाजाच्या दिवसांत त्याची प्रत समितीकडे गेली पाहिजे, आणि समिती दोन महिन्यांतून निदान एकदा बसली पाहिजे. आदेश नियमबाह्य वाटला तर तो रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगायचा अधिकार समितीला आहे. इथवर उत्तम.

घोडं अडतं ते पुढे. केंद्रातल्या समितीत कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव आणि त्यांच्यासोबत दोन सचिव. सही करणारेही सचिव, तपासणारेही सचिव. न्यायाधीश एकही नाही, विरोधी पक्षाचा माणूस नाही. याला स्वतंत्र देखरेख म्हणता येत नाही.

त्यात कामाचा डोंगर. माहिती-संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या अहवालात आकडा आहे : एका बैठकीपुढे 15,000 ते 18,000 आदेश. मंडळी आठ तास चहालाही न उठता बसली, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंद येत नाहीत. तेवढ्यात तारीखसुद्धा वाचून होत नाही, मग आदेशामागचं कारण कुठून तपासणार?

सगळ्यात मोठी उणीव : ज्याचा फोन ऐकला त्याला काहीच कळवलं जात नाही, टॅपिंग संपल्यावरही नाही. तक्रारीची खिडकी नाही, अर्जाचा नमुना नाही. ब्रिटनमध्ये 2000 सालापासून यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. बहुतेकांना ‘तुमच्या बाजूने निर्णय नाही’ एवढंच मोघम उत्तर मिळतं, हे खरं. पण 2015 मध्ये त्याच न्यायाधिकरणाने गुप्तहेर यंत्रणेच्या विरोधात निकाल दिला. दार असलं की कधीतरी उघडतं.

आपल्याकडे टॅपिंग बाहेर येतं ते बहुधा आरोपपत्राला संभाषणाचा उतारा जोडला जातो तेव्हा. मग वकिलाने आधी मूळ आदेश मागावा आणि त्यात कारण काय लिहिलंय ते पाहावं. ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे नुसते शब्द आहेत, की खरोखर तसा प्रसंग होता? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये 10 लाखांच्या लाचेच्या प्रकरणातले तीन आदेश याच मुद्द्यावर रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. त्यानंतर तारखा जुळवाव्यात : आदेश कधीचा, समितीकडे कधी गेला, समितीने काय नोंदवलं. तातडीचा म्हणून पोलीस महानिरीक्षकांच्या पातळीवर निघालेला आदेश असेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत त्याला मंजुरी मिळाली होती का, हेही बघायचं.

हे सगळं लवकर करायचं, कारण गरज उरली नसेल तर आदेशांची दप्तरं दर सहा महिन्यांनी नष्ट करायची, असा नियम आहे. हेतू खासगीपणा जपण्याचा. पण बेकायदा आदेशाचा पुरावाही त्याच भट्टीत जातो. म्हणून कागद जपून ठेवण्याचा आदेश न्यायालयाकडून पहिल्याच तारखेला मागून घ्यावा.