बेरियम टायटेनेट–कोबाल्ट फेराइटचं ६५:३५ टार्गेट: घ्यावं की नाही?

मेमरीसाठी उभ्या खांबांची चुंबकीय फिल्म करायची तर हे तयार मिश्र टार्गेट (लेसरने उडवायच्या पदार्थाची भाजलेली चकती) सगळ्यात सोपं पडतं. पीएलडीत, म्हणजे लेसरच्या पल्सने पदार्थ उडवून फिल्म बसवण्याच्या पद्धतीत, याच्यावर २४८ नॅनोमीटरचा लेसर मारला की तापलेल्या स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या (००१) स्फटिक-पृष्ठावर, म्हणजे सबस्ट्रेटवर, दोन्ही ऑक्साइड आपोआप वेगळी होतात आणि बेरियम टायटेनेटमध्ये कोबाल्ट फेराइटचे खांब उभे राहतात. पदार्थवैज्ञानिक आर. रमेश यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलेली रचना ती हीच.

पार्सल उघडल्यावर आधी वजन करा. २५.४ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीला पूर्ण घनतेचं वजन ८.७ ग्रॅम भरतं. काट्यावर ७.९ च्या खाली दिसलं तर घनता ९० टक्क्यांच्या आत आहे, सरळ परत पाठवा. सच्छिद्र टार्गेटमधून लेसरखाली कण उडतात, फिल्मवर थेंब बसतात आणि गळती करंट वाढतो. मग मेमरीचं नाव काढायला नको. प्रमाणपत्रावर ‘९९.९ टक्के शुद्ध’ असतंच. त्यावर भागू नये, टार्गेटचा एक्सआरडी (आत कोणती स्फटिकं आहेत ते दाखवणारा क्ष-किरण आलेख) मागून घ्या. या दोन ऑक्साइडांखेरीज तिसऱ्याच स्फटिकाची शिखरं दिसली तर भाजणी बिघडलेली आहे.

वापरात टार्गेट चांगलं टिकतं, पण दर वेळी फिल्म बसवून झाल्यावर कोरड्या पॉलिश पेपरने घासावं लागतं. नाहीतर पृष्ठभागावर सुळके तयार होतात, प्लूम (उडालेल्या पदार्थाचा झोत) तिरका होतो आणि जाडी एका बाजूला जास्त बसते. घासल्यावर शटर बंद ठेवून हजारभर पल्स वाया घालवा.

चुंबकीय गुण जुळवायची खरी किल्ली सबस्ट्रेटचं तापमान. ७५० अंशांना खांब सुमारे ९ नॅनोमीटर जाड येतात, ९५० ला ७० च्या आसपास. कोबाल्ट फेराइटचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन ऋण असल्यामुळे (चुंबकन होतं त्या दिशेने ते आखडतं) खांब उभ्या दिशेने दाबले गेले की चुंबकनही उभंच राहू पाहतं. तापमान वाढवलं की हा दाब सैल होतो आणि ॲनिसोट्रॉपी, म्हणजे उभ्या दिशेची ही ओढ, उतरते. हीटरचा आकडा आणि सबस्ट्रेटचं खरं तापमान यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणून सबस्ट्रेट हीटरला चिकटवणारी सिल्व्हर पेस्ट सगळीकडे सारखी लावा. एका कोपऱ्यात सुटली तरी एकाच तुकड्यावर दोन तऱ्हेचे खांब मिळतात.

व्हीएसएमवर (नमुना कंपवून चुंबकन मोजणारं यंत्र) जपून. ५ मिमी चौरस तुकड्यावरची २०० नॅनोमीटर फिल्म जेमतेम ७×१०⁻⁴ ईएमयू (चुंबकीय आघूर्णाचं एकक) देते. स्टीलच्या चिमट्याचा एक कण चिकटला तरी लूप (फील्डनुसार चुंबकनाचा आलेख) खोटा येतो. प्लास्टिकचाच चिमटा वापरा आणि जास्त फील्डवरचा सबस्ट्रेटचा उतार वजा करा.

आता मोठी खोट: प्रमाण कायमचं ठरलेलं. मोलमध्ये ३५ टक्के म्हणजे आकारमानात जवळजवळ ३८ टक्के कोबाल्ट फेराइट. बिट लांब लांब हवेत म्हणून ते कमी करायचं ठरवलं तर नवं टार्गेट विकत घ्यायचं! टार्गेट फिरवणारा कॅरोसेल चेंबरमध्ये असेल तर हे घेऊच नका. दोन्ही ऑक्साइडची वेगळी टार्गेट घ्या आणि आलटून पालटून मारा. प्रत्येक पाळीत एका थराहून कमीच बसेल इतके पल्स ठेवले की प्रमाण हवं तसं बदलता येतं. कॅरोसेल नसेल तर मात्र हेच घ्या, आणि ऑर्डर देतानाच घनता ९५ टक्क्यांच्या वर हवी असं लिहून घ्या.