दीर्घिकांचं मॉडेल: अर्ध-विश्लेषणात्मक की हायड्रो?

दीर्घिका कशा घडल्या हे संगणकावर मांडायला बसलात, की लगेच दोन वाटा फुटतात. मूळ कल्पना दोन्हींची एकच, सायमन व्हाइट आणि मार्टिन रीस यांनी 1978 मध्ये मांडलेली: कृष्णद्रव्याचे (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचे) हेलो, म्हणजे मोठे गोळे, आधी जमतात, मग त्यांच्यातला वायू थंड होत मध्याकडे उतरतो आणि तिथे तारे जन्मतात.

अर्ध-विश्लेषणात्मक मॉडेलात हेलोंचा वंशवृक्ष, म्हणजे कोणते लहान हेलो मिळून मोठा झाला याची नोंद, तयार सिम्युलेशनमधून घेतात. प्रत्येक हेलोत गरम वायू, थंड वायू, तारे आणि बाहेर फेकलेला वायू असे हौद कल्पायचे आणि एका हौदातून दुसऱ्यात किती जातं याची समीकरणं सोडवायची. काम झटपट होतं, म्हणून एकेक प्रक्रिया चालू-बंद करून बघता येते. डॅरेन क्रोटन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये कृष्णद्रव्याच्या मिलेनियम सिम्युलेशनवर नेमकं हेच केलं. कृष्णविवरांकडून वायूला मिळणारी उष्णता बंद ठेवली, तर सर्वांत तेजस्वी दीर्घिका गरजेपेक्षा जास्त आणि निळ्या (म्हणजे अजून तारे बनवणाऱ्या) निघतात. चालू केली की निरीक्षणांशी जुळतात. कारण आणि परिणाम इतके लख्ख दिसणं मला तरी फार मोलाचं वाटतं.

हायड्रो, म्हणजे वायूच्या प्रवाहाची समीकरणं थेट सोडवणाऱ्या, सिम्युलेशनमध्ये वायू खरोखर वाहतो. चकत्या, वारे, हेलोभोवतीचा वायू यांचा आकार समीकरणांतून आपोआप उमटतो. तुमचा प्रश्न वायूच्या रचनेचा असेल तर हौदांचं मॉडेल कामाचंच नाही. पण चित्रांच्या देखणेपणाने भुलू नका. टीएनजी100 या मोठ्या हायड्रो सिम्युलेशनमध्ये वायूच्या एका कोष्ठाचं (गणनेसाठी पाडलेल्या तुकड्याचं) वस्तुमान साधारण 14 लाख सूर्यांइतकं असतं. एकटा सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट) त्यात दिसणं शक्यच नाही, त्याचा परिणाम सूत्राने घालावा लागतो. म्हणजे ‘हाताने घातलेले’ आकडे इथेही आहेतच, फक्त ते बदलून बघणं फार महाग पडतं.

तिसरी सोयही आहे: सर्वांत जड हेलोला सर्वांत जड दीर्घिका, अशी क्रमाने जोडी लावायची. यातून तारे बनवण्यात सुमारे 10^12 सूर्यवस्तुमानाचे हेलो सर्वांत कार्यक्षम ठरतात. मात्र असं का, ते ही पद्धत सांगत नाही. दीर्घिकांचं वितरण तपासायचं असेल तर ती पुरते.

नव्याने सुरुवात करत असाल तर मी अर्ध-विश्लेषणात्मक मॉडेलच हाती देईन. वायूचा प्रश्न असेल, तर स्वतःचं हायड्रो चालवण्याआधी टीएनजीचा खुला डेटा उघडा.